पहिला आवाज कोणाचा? संगणक सुरू होतानाच्या ध्वनींविषयी



विषय कळवला तेव्हा आयोजकांचा फोन आला. "सर, काही टायपिंगची चूक झाली आहे का? इथे ‘संगणक सुरू होतानाचा आवाज’ असं आलंय." म्हटलं, चूक नाही, तोच विषय आहे. पस्तीस वर्षं कान्ट शिकवणारा माणूस आता विंडोजच्या सुरावटीवर बोलणार म्हणजे वय झालं, असं त्यांना वाटलं असणार. (हशा) वय झालंच आहे. पण मला या क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टीत समीक्षेचा एक खरा प्रश्न दिसतो. नाटक आपण तिकीट काढून बघतो, पुस्तक उघडून वाचतो. पण एखादी रचना अशी आहे की जी माणूस हजारो वेळा ऐकतो आणि एकदाही ऐकायला म्हणून बसत नाही. कामासाठी बटण दाबलं की ती कानावर पडते. अशा रचनेचं मोल कुठल्या निकषावर करायचं? आणि ती नको असेल तर गप्प करण्याचा अधिकार कोणाचा? या दुसऱ्या प्रश्नाशी माझी स्वतःची एक चूक जोडलेली आहे. तिच्याकडे शेवटी येतो.

आधी सर्वांत गरीब आवाजापासून सुरुवात करू. जुन्या पीसीचा बीप. कॅबिनेटच्या आत एक रुपयाभराचा स्पीकर असायचा. वीज आली की यंत्र स्वतःची तपासणी करायचं, मेमरी आहे का, कीबोर्ड आहे का, चित्र दाखवणारं कार्ड जागेवर आहे का, आणि सगळं ठीक असेल तर एकदा बीप. ठीक नसेल तर बीपांची भाषा सुरू व्हायची. अवॉर्ड कंपनीच्या बायॉसमध्ये एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे व्हिडिओ कार्डात गडबड. मेमरीचं दुखणं असेल तर बीप थांबतच नसे. मग हार्डवेअरवाला पोरगा यायचा, रॅमची पट्टी काढायचा, शाळेतल्या खोडरबराने तिची सोनेरी कडा घासायचा, परत बसवायचा, आणि एकच बीप यायचा. सगळ्यांचे चेहरे खुलायचे.

न्यायशास्त्राचा ज्यांनी थोडा अभ्यास केलाय त्यांना अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ आठवेल. तिथे शब्दाचे दोन प्रकार सांगितले आहेत, ध्वन्यात्मक आणि वर्णात्मक. भेरीचा आवाज हा नुसता ध्वनी, आणि भाषेतला शब्द हा वर्णरूप. बीप या दोहोंच्या मधे कुठेतरी बसतो. कानाला तो भेरीच्या बाजूचा, पण त्याच्यामागे संकेत आहे, ठरलेला अर्थ आहे, म्हणजे काम तो शब्दाचं करतो. सौंदर्य शून्य. पण त्या आवाजाला काहीतरी सांगायचं होतं, आणि जे सांगायचं तेवढंच तो सांगत होता. पुढे जे सुरेल आवाज आले त्यांच्याबद्दल मी थोडा कठोर होणार आहे. तेव्हा हा बीप लक्षात ठेवा.

1984 साली पहिला मॅकिंटॉश आला, त्याचाही आवाज असाच एक साधा बीप होता. आज आपण ज्याला मॅकचा आवाज म्हणतो तो 1991 चा, क्वाड्रा 700 या मॉडेलबरोबर आलेला. तो केला जिम रीक्स नावाच्या ॲपलमधल्याच एका अभियंत्याने. कारण ऐकण्यासारखं आहे. आधीच्या मॅकमधला आवाज त्याला खटकत होता. त्यात ट्रायटोन होता, असं तो सांगतो. ट्रायटोन म्हणजे, आपल्या भाषेत बोलायचं तर, सा आणि तीव्र मध्यम एकत्र वाजवल्यासारखं. युरोपात जुने लोक या अंतराला सैतानाचं नाव द्यायचे. आता हा आवाज माणसाला ऐकू कधी येतो? मशीन बंद पडून पुन्हा सुरू करावं लागतं तेव्हा. काम गेलेलं, माणूस वैतागलेला, आणि वर हा बेसूर. रीक्सने ठरवलं की तिथे मन निवेल असं काहीतरी हवं. घरीच, कॉर्ग वेवस्टेशन या कीबोर्डवर, दोन्ही हात जमतील तेवढे फाकवून त्याने सी मेजरचा एक रुंद कॉर्ड धरला. सा, ग आणि प, वेगवेगळ्या सप्तकांत, एकाच वेळी. बस. त्याच्याच सांगण्याप्रमाणे तो आवाज त्याने वरिष्ठांच्या रीतसर संमतीशिवाय यंत्रात घुसवला. समितीने केला असता तर असा झाला नसता, हे मी खात्रीने सांगतो.

या कॉर्डमध्ये काय आहे ते नीट ऐका. त्यात चाल नाही. एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर जाणं नाही, पुढे काय येणार ही उत्कंठा नाही. आला, भरला, विरला. तानपुरा जुळल्यावर चारही तारांचा पहिला झंकार येतो तसा. मात्र तानपुरा पुढे चालू राहतो आणि गायकाला आधार देतो, हा आपला एकदा भरून निघून जातो. मी या रचनेला फार वरचं स्थान देतो, आणि त्याचं कारण तिची पुनरावृत्ती सोसण्याची ताकद. ज्यात गोष्ट आहे ते शंभराव्या वेळेला शिळं होतं. ज्यात गोष्टच नाही ते शिळं कसं होणार? आणि दुसरं म्हणजे बीपचा प्रामाणिकपणा त्याने सोडलेला नाही. त्या काळच्या मॅकमध्ये हा कॉर्ड प्राथमिक तपासणी पार पडल्यावर वाजायचा. तपासणी फसली तर वेगळे, अशुभ आवाज यायचे. काही मॉडेलांत तर चक्क गाडीचा अपघात झाल्याचा आवाज होता. (हशा) म्हणजे सा-ग-प ऐकू आलं याचा अर्थ होता, मी शुद्धीवर आहे. 2008 च्या ‘वॉल-ई’ या चित्रपटातला छोटा यंत्रमानव उन्हात चार्ज झाल्यावर हाच आवाज करतो आणि सगळं थिएटर हसतं, ते यामुळेच.

आता दुसरी बाजू. 1995 ची विंडोज. मायक्रोसॉफ्टने काम दिलं ब्रायन ईनोला. ईनो म्हणजे ज्याने ‘अँबियंट’ संगीत हा प्रकार नावारूपाला आणला, ज्याला पार्श्वभूमीला राहील असं संगीत कळतं, असा माणूस. निवड अगदी योग्य होती. 1996 साली ‘सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल’ला त्याने सांगितलेली हकीगत प्रसिद्ध आहे. कंपनीने त्याच्याकडे विशेषणांची लांबलचक यादी पाठवली. प्रेरणादायी हवं, वैश्विक हवं, आशावादी हवं, भविष्यवेधी हवं, भावपूर्णही हवं, आणि तळाला लिहिलं होतं की लांबी सव्वातीन सेकंद. त्याला हे भलतंच आवडलं. चौऱ्याऐंशी तुकडे केले त्याने. इतक्या बारीक कामाची त्याच्या कानाला एवढी सवय झाली की नंतर तीन मिनिटांची रचनाही त्याला अथांग वाटू लागली. शेवटी जो तुकडा निवडला गेला तो सुमारे सहा सेकंदांचा आहे. आणि पुढे एका रेडिओ कार्यक्रमात त्याने सांगून टाकलं की तो त्याने मॅकवर बनवला होता. 2025 साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय नोंदवहीत या सहा सेकंदांचा समावेश केला.

योग्यच केलं. रचना म्हणून ती रीक्सच्या कॉर्डपेक्षा वरची आहे, याबद्दल मला शंका नाही. तिच्यात चढण आहे, घंटेसारखे थेंब आहेत, आणि शेवटी ती पूर्ण न होता हवेत सुटते. पण माझा आक्षेप नेमका इथेच आहे. तिच्यात लक्ष द्यावं असं फार आहे. पहिल्या दिवशी ती सुंदर वाटते, आणि तिसऱ्या महिन्यात आपण तिच्या पुढे धावायला लागतो, मनातल्या मनात ती संपवून टाकतो. ईनोची रचना श्रेष्ठ, पण सुरुवातीचा आवाज म्हणून रीक्सचा श्रेष्ठ. हा निवाडा काहींना विचित्र वाटेल. पण उंबरठ्याचं शिल्प आणि उंबरठा यांत फरक असतो. पहिल्यावर पाय देववत नाही.

बाकीचे थोडक्यात आटोपतो. विंडोज 3.1 चा ‘टाडा’ म्हणजे जादूगाराने टोपीतून ससा काढल्याची द्वाही, आणि ससा बहुधा नसायचाच. एक्सपीचा वाद्यवृंदी आवाज फार थाटाचा, राज्याभिषेक चाललाय असं वाटावं, आणि उघडायची असायची फक्त फी भरल्याची पावती. व्हिस्टाचे चार स्वर गिटारिस्ट रॉबर्ट फ्रिपच्या सहभागातून आले. ते कंपनीच्या वस्तूचं नाव चार अवयवांत उच्चारल्यासारखे बांधलेले आहेत, म्हणजे ऐकणाऱ्याच्या नकळत त्याच्याकडून जाहिरातीचं पारायण करून घेणं. फ्रिपसारख्या वादकाबद्दल आदर ठेवूनही मला ते आवडत नाही.

एक गोष्ट मात्र विंडोजच्या बाजूने सांगायला हवी. मॅकचा कॉर्ड यंत्राच्या रॉममध्ये कोरलेला. विंडोजचा आवाज साधी फाइल, आणि ती बदलता यायची. लोकांनी ती बदलली. आमच्या शेजाऱ्यांनी गणपतीची आरती लावली होती, पूर्ण. संगणक केव्हाच सुरू झालेला असायचा, काम चालू असायचं, आणि आरती अजून दुसऱ्या कडव्यात. (हशा) रसिकतेचा प्रश्न बाजूला ठेवा. त्या गृहस्थांनी पहिला आवाज स्वतःचा करून घेतला होता.

आपल्याकडे याचा एक जुना वडीलधारा आहे. आकाशवाणीची संकेतधून. ती सामान्यतः वॉल्टर कौफमन यांची मानली जाते. बोहेमियातून आलेले, युरोपातल्या ज्यूद्वेषापासून दूर मुंबईत आसरा घेतलेले संगीतकार. पहाटे सभा सुरू होण्याआधी ती धून वाजायची आणि माझ्या लहानपणी आख्खी आळी तिच्यावर उठायची. तिला कोणी कटकट म्हटल्याचं आठवत नाही. का? मला वाटतं, ती दिवसातून ठरलेल्या वेळी यायची. नाटकाची तिसरी घंटाही तशीच. ती झाली की सगळ्यांनी मिळून गप्प व्हायचं. देवळातली घंटा तर आपण स्वतः वाजवतो. संगणकाचा आवाज मात्र एकाने बटण दाबल्यावर सगळ्यांना ऐकावा लागतो. आणि दोन हजार पाच-सहाच्या आसपास आपल्या महाराष्ट्रात लोडशेडिंग असं होतं की सव्वातीन सेकंदांचा हिशेब करणाऱ्यांनी कल्पनाही केली नसेल इतक्या वेळा तो दिवसाकाठी वाजायचा.

इथे माझे कान्टबाबा येतात. ‘निर्णयशक्तीची मीमांसा’ हा ग्रंथ 1790 चा. त्यात ते संगीताविषयी एक तक्रार करतात. संगीतात नागर सभ्यता कमी आहे, कारण ते न विचारता शेजारीपाजारी पसरतं. कोणी खिशातून अत्तराचा रुमाल काढला की सगळ्यांना वास घ्यावा लागतो, तसं. चित्र नको असेल तर मान फिरवता येते, कानाला पापणी नाही. ही तक्रार अनुभवातली होती. त्यांच्या घराजवळ तुरुंग होता आणि कैदी खिडक्या उघड्या टाकून मोठमोठ्याने भजनं म्हणायचे. कान्टनी 1784 साली शहराचे महापौर हिपेल यांना पत्र लिहिलं की यांना जरा खिडक्या लावून म्हणायला सांगा. त्याआधी एकदा शेजाऱ्याच्या कोंबड्यापायी त्यांनी बिऱ्हाड बदललं होतं. कोंबडा विकत घ्यायची तयारी दाखवली, पण कोंबडा तत्त्वज्ञाला त्रास कसा देऊ शकतो हेच शेजाऱ्याला कळेना. शोपेनहावरचा तर 1851 चा गोंगाटावर एक स्वतंत्र निबंध आहे. गाडीवानाच्या चाबकाचा फटकारा हा विचाराचा खून आहे, असा त्याचा आरोप. हे सगळं मी वर्षानुवर्षं रंगवून शिकवलं. आणि मनातून मी कायम कान्टच्या बाजूचा होतो. ज्याला शांतता हवी तो सुसंस्कृत, जो आवाज करतो तो कैदी. कैद्यांना भजन म्हणावंसं का वाटत असेल, हा प्रश्न मी वर्गात कधीही विचारला नाही.

2006 साली व्हिस्टा यायच्या आधी बातमी फुटली की सुरुवातीचा आवाज वापरणाऱ्याला बंदच करता येणार नाही. बचाव असा होता की आवाज छोटा आहे, प्रसन्न आहे, यंत्र तयार झाल्याची खूण आहे. लोक भडकले, आणि कंपनीने माघार घेऊन बंद करायची सोय ठेवली. तेव्हा मी वर्तमानपत्र हातात घेऊन सहकाऱ्यांना म्हणालो, बघा, कान्ट जिंकले. ॲपलकडे तर अशी सोय फार काळ नव्हतीच. बंद करण्याआधी आवाज शून्यावर नेऊन ठेवायचा, एवढाच उपाय. लोक विसरायचे आणि सभागृहात मधेच सा-ग-प. पुढे विंडोज 8 ने 2012 मध्ये आवाज मुळातच बंद ठेवला, कारण संगणक आता टेबलावरून उठून बैठकीत आणि अंथरुणात आला होता. 2016 मध्ये ॲपलनेही नव्या मॅकबुक प्रोमधून कॉर्ड काढला, कारण झाकण उघडलं की यंत्र आपोआप सुरू होऊ लागलं होतं.

आता माझी चूक. त्याच सुमाराची गोष्ट. आमच्या विभागाच्या अभ्यासिकेत एक संगणक होता, एक्सपीवाला. एम.ए.चा एक दृष्टिहीन विद्यार्थी त्यावर काम करायचा. पडद्यावरचं वाचून दाखवणारा जॉज नावाचा स्क्रीन रीडर तो वापरायचा. त्याचा परवाना महाग, विभागाने घेतलेला नव्हता. परवाना नसेल तर तो चाळीस मिनिटं चालतो, मग संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. म्हणजे दर चाळीस मिनिटांनी राज्याभिषेक. हेडफोन विभागाकडे नव्हता. स्क्रीन रीडरचा आवाज अगदी बारीक ठेवून, स्पीकरला जवळजवळ कान लावून तो ऐकायचा, त्याचा कोणाला त्रास नव्हता. त्रास होता सुरुवातीच्या आवाजाचा. नेट-सेटला बसलेल्या मुलांनी तक्रार केली. मी विभागप्रमुख. कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन ‘स्टार्ट विंडोज’च्या पुढचा आवाज स्वतः काढून टाकला. अर्ध्या मिनिटाचं काम. त्या दिवशी मी अभ्यासिकेत उभा राहून कान्टच्या कोंबड्याची गोष्टही सांगितली.

तीन-चार दिवसांनी शिपाईमामा केबिनमध्ये आले. म्हणाले, "सर, ते पोरगं नुसतंच बसून राहतंय मशीनपुढं." जाऊन पाहिलं. तो आवाज हीच त्याची खूण होती. इतर मुलांना गडबड होऊ नये म्हणून स्क्रीन रीडर आपोआप सुरू होत नसे. डेस्कटॉप आला की ठरलेल्या कळा दाबून तो सुरू करायचा. डेस्कटॉप आला हे त्याला कळायचं त्या वाद्यवृंदावरून. आता मशीन मुकं. तो अंदाजाने कळा दाबायचा, कधी फार लवकर, काही व्हायचं नाही. मग त्याला वाटायचं वीज गेली की काय, तो मुख्य बटण दाबायचा, आणि एक्सपीमध्ये ते बटण दाबलं की चालू असलेला संगणक बंद व्हायला लागायचा. पुन्हा पहिल्यापासून. असं त्याचं तीन दिवस चाललं होतं.

मी विचारलं, "अरे, सांगितलं का नाहीस?"

तो म्हणाला, "सर, बाकीच्यांना त्रास होत होता ना."

संध्याकाळी मी हेडफोन आणला. शंभर-सव्वाशे रुपयांना आला. आवाज परत चालू केला. परवान्यासाठी अर्जही केला, तो मंजूर व्हायच्या आधी त्याचं एम.ए. झालं.

मंडळी, मी ज्याला समीक्षा म्हणत होतो, एक्सपीचा आवाज थाटाचा आहे, उथळ आहे, ती आजही मागे घेत नाही. तो आवाज थाटाचाच आहे. पण त्याला दोन बाजू होत्या आणि मी एकच ऐकत होतो. डोळस माणसाला तो नुसता नाद होता, कारण खबर त्याला पडदा द्यायचा. त्या मुलाला तो वर्ण होता, शब्द होता, ‘झालं, आता बोल’ असं वाक्य होतं. अन्नंभट्टाची विभागणी मी आवाजात शोधत बसलो. ती ऐकणाऱ्यातही असू शकते हे सुचलं नाही. या एका बाबतीत मला रीक्स आणि ईनो दोघांपेक्षा तो गरीब बीप जवळचा वाटतो. आणि 2016 मध्ये ॲपलने कॉर्ड काढला तेव्हा सुबक, शांत यंत्राचं कौतुक ऐकताना मला कोणीतरी बंद लॅपटॉपवर कळा दाबत बसलंय असं दिसत होतं.

2020 च्या बिग सर आवृत्तीत ॲपलने कॉर्ड परत आणला, ध्वनीच्या सेटिंगमध्ये एक चौकोन देऊन. हवा तर ठेवा, नको तर काढा. 2021 च्या विंडोज 11 नेही नवा, छोटा, मऊ आवाज आणला आणि तसाच चौकोन दिला. तो आवाज मला बरा वाटतो. त्याला फारसं काही सिद्ध करायचं नाहीये. माझ्या घरच्या संगणकावर मी तो चालूच ठेवलाय. पहाटे साडेचारला बायको आतून विचारते, "उठलात का?" तेव्हा उत्तर आधीच गेलेलं असतं.

तो विद्यार्थी आता महाविद्यालयात शिकवतो. गेल्या दिवाळीत घरी आला होता, लॅपटॉप घेऊन. मी मोठ्या उत्साहाने म्हटलं, लाव बघू, नवा आवाज कसा वाटतो तुला? त्याने झाकण उघडलं. काहीच वाजलं नाही. थोड्या वेळाने कानातल्या छोट्या हेडफोनवर बोट ठेवून म्हणाला, "बंद ठेवलाय सर. सुरू झाल्यावर एन.व्ही.डी.ए. स्वतःच आवाज देतो, तो मला पुरतो. आणि सकाळी पोरगी झोपलेली असते."

पाणी घेतो, मग तुमचे प्रश्न घेऊ.